डिकीतला पाळणा

या, असे पुढे सरका. चटईवर भरपूर जागा आहे, आणि लांब बसलं की गोष्टीतला रस वाटेतच सांडतो. जांबोटीच्या राममंदिरात यंदा रामनवमीला काय घडलं ते सांगायचं आहे. हसू आलं तर हसा. देवाला हसरी माणसं आवडतात.

शहरात खासबागेत राहणारे गोपाळअण्णा मूळचे जांबोटीचे. कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी लागोपाठ दोन कामं केली. नवी हायब्रीड गाडी घेतली, आणि गावच्या रामासाठी सागवानी पाळणा करून घेतला. वाळवीनं पोखरलेला जुना पाळणा गावानं पाडव्यालाच नदीत सोडला होता. म्हणजे भर दुपारी रामजन्माच्या वेळी अण्णांचा पाळणा हजर नसेल, तर प्रत्यक्ष रामाला निजायला जागा नाही!

त्या दिवशी सकाळी पाळणा डिकीत ठेवला, कीर्तनकार भैरवीताई मागच्या सीटवर बसल्या, अण्णांच्या पत्नी कल्याणीबाई पुढे. गाडी मंदिराच्या अंगणात शिरली ती मांजराच्या पावलांनी.

"अण्णा, बंद पडली काय वं?" भावकूनं विचारलं. हा अण्णांचा बालमित्र. त्याची जुनी पेट्रोल गाडी अंगणातच चिंचेखाली उभी होती.

"बंद? अरं, आवाज न्हाय म्हणजे चालू हाय! हायब्रीड म्हणत्यात हिला. सीटखाली ही एवढी बॅटरी!" अण्णांनी हात फाकून आकार दाखवला तो बैलगाडीच्या जुवाएवढा.

तेवढ्यात गावातली वीज गेली आणि देवळाचा भोंगा मुका झाला.

"माझ्या गाडीवर लावू या की भोंगा," भावकू म्हणाला.

"तुझ्या डबड्यावर? निम्म्या अभंगात धाप लागंल तिला. आण हिकडं वायर. माझ्या बॅटरीवर गाव चालंल!"

भोंग्याची वायर गाडीतल्या सॉकेटला जोडून अण्णांनी ऐटीत गाडीचं बटण दाबलं. ब्रेकवर पाय ठेवायचा राहिला, त्यामुळे नुसते दिवे लागले. गाडी काही चालू झाली नाही. पण आवाज आला नाही, म्हणून अण्णा निर्धास्त. शोभेसाठी त्यांनी भर उन्हात हेडलाइटही लावून ठेवले आणि कीर्तनाला जाऊन बसले.

भैरवीताईंचा पूर्वरंग रंगला. उत्तररंगात कौसल्येला डोहाळे लागले, आणि भोंग्याला उचकी. दोनदा घरघरला आणि गप्प झाला. अण्णा उठले. तसाही पाळणा काढायची वेळ झालीच होती. त्यांनी डिकीचं बटण दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. शांततेतही प्रकार असतात, हे अण्णांना तेव्हा कळलं.

"धक्का मारा रं!" ते ओरडले. गडी धावले. 'सियावर रामचंद्र की जय' म्हणून सगळ्यांनी खांदे लावले. जय झाला, गाडी तसूभर हलली नाही.

कल्याणीबाई बाहेर आल्या. "अहो, ढकलून ही चालू होत न्हाय. शोरूममधी त्यो पोरगा समदं सांगत हुता, तवा तुम्ही नारळ कुठल्या चाकाला फोडायचा म्हणून भांडत हुता."

"काय सांगत हुता?"

"बॅटऱ्या दोन हायत. सीटखालची थोरली, ती चाकं फिरवती. पर तिला जागं करायला एक धाकटी हाय, भावकूभाऊंच्या गाडीत असती तसलीच, बारा व्होल्टची. भोंगा त्या धाकटीवर चालला हुता. ती दमली. आता थोरली पोट भरून निवांत झोपलीया."

"मग धाकटी हाय कुठं?"

"डिकीत."

"आन् डिकी उघडती कशानं?"

"धाकटीनं."

"घरातल्या सुनेचं असंच असतंय," पलीकडून गावातली म्हातारी बाळाबाई म्हणाली. "ती निजली की कळतंय घर कोण चालवत हुतं ते."

अण्णांनी किल्लीनं दार उघडलं आणि मागची सीट पाडून आतून डिकीत शिरले. पाळणा हाती लागला. पण ओढायला गेले तर तो आडवा झाला आणि वाटेत घट्ट अडकला. आता पाळण्यापलीकडे अण्णा आणि अण्णांपलीकडे बंद डिकी.

"कल्याणी! गं कल्याणी!" आवाज रांजणातून आल्यासारखा येत होता. "सूर्य कुठवर आला?"

"डोक्यावर यायला लागलाय!"

देवळात भैरवीताईंनी वेळ काढायला दशरथाला तिसऱ्यांदा महालाचा जिना चढवला होता. पण जिना तरी किती लांबवणार? त्यांनी चिपळ्या उचलल्या. "चला मायबाप, पाळणा देवळात येत नसंल, तर जन्म पाळण्यापाशी करू!" म्हणत त्या अंगणात आल्या. मागोमाग मुठीत फुलं आणि गुलाल घेतलेला अख्खा गाव.

भावकूनं आपली गाडी समोर आणून लावली. कल्याणीबाईंनी नव्या गाडीचं बॉनेट उघडून, डिकीतल्या धाकटीला पुढूनच वीज द्यायची सोय असते ते लाल टोपण दाखवलं. वायरी जोडल्या. एका चिमट्याची स्प्रिंग ढिली होती, ती भावकूनं हातानं दाबून धरली. "लावा वहिनी! धाप लागलीया तिला, पर आलीया!"

कल्याणीबाईंनी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. दिवे उजळले. मग त्यांनी डिकीचं बटण दाबलं.

नेमक्या त्याच क्षणी भैरवीताईंनी हात उंचावला, "जन्मला गं सखे, राम जन्मला!" आणि डिकी अलगद वर गेली.

आत गुडघे पोटाशी घेऊन, छातीशी पाळणा कवटाळून, घामाघूम गोपाळअण्णा. गावाच्या मुठी आधीच सुटल्या होत्या. फुलं पडली, गुलाल पडला, बायकांनी सवयीनं पाळणा म्हणायला सुरुवातही केली. बाळाबाईनं तर बोटं मोडून दृष्ट काढली.

"अगं मी न्हाय, मी न्हाय!" अण्णा गुलाल थुंकत ओरडले. "राम देवळात हाय!"

पुढं पाळणा वाजतगाजत देवळात गेला, राम झोपला, सुंठवडा वाटला गेला. अण्णांनी पहिली दोरी ओढली. तेव्हा भावकू मात्र बाहेर उन्हातच उभा होता, तो चिमटा दाबून. सोडला तर गाडी पुन्हा निजेल, या भीतीनं. थोरली एकदा जागी झाली की धाकटीला तीच पोसते, आता सोडायला हरकत नाही, हे त्याला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तेव्हा मंडळी, पुढच्या रामनवमीला पाळण्याची दोरी तुमच्या हाती आली, तर एक झोका भावकूच्या नावानं द्या.