घरातलं निरोगी माणूस

रूपरावांना कॅन्सरची भीती होतीच, पण त्याहून मोठी धास्ती दवाखान्यातल्या एका अभ्यासातून नाव कापलं जाण्याची होती. हिंगणीहून एसटीनं रोज दवाखान्यात येऊन ते गळ्याला किरणांचा शेक घेत. तिथं दहा मिनिटांत "हलू नका" एवढंच कोणीतरी म्हणे. मंगळवारी मात्र संशोधन करणारी यामिनी त्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त आणि लघवी घेई. घास गिळता येतो का, झोप लागली का, हे सावकाश विचारून वहीत लिही. आठवडाभरात त्यांना एवढं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी तिनं नवा नियम सांगितला. तुलनेसाठी पेशंटच्याच घरातलं, तेच अन्नपाणी घेणारं एक निरोगी माणूस हवं. त्याचीही लघवी आणायची. ज्यांच्या घरी असं कोणी नाही, त्यांना अभ्यासातून वगळणार.

"घरी कोण असतं, काका?"

"आनंदाबाई," रूपराव म्हणाले. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण नाव तोंडात तयारच होतं.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटंही प्रामाणिकपणे करतो. पुढच्या मंगळवारी त्यांनी स्वतःचीच लघवी दोन बाटल्यांत काटेकोर अर्धी अर्धी केली आणि एकीवर आनंदाबाईंचं नाव घातलं.

प्रयोगशाळेत दोघांचे आकडे दशांशापर्यंत जुळले. यामिनी चक्रावली. तिचे सर मात्र हरखून गेले. शेक नवऱ्याला आणि परिणाम बायकोवर, असं आजवर कोणाला सापडलं नव्हतं. परिषदेत वाचायचा निबंध त्यांनी दोन दिवसांत लिहून काढला आणि बाईंचं रक्त आणायला यामिनीला गाडी देऊन हिंगणीला धाडलं.

दार उघडून रूपराव बाजूला झाले. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, खाली तारीख. ओट्यावर एकच ताट पालथं होतं. यामिनीनं तारीख दोनदा वाचली आणि खाटेवर बसली.

"असं कशाला केलंत, काका?"

"तुमी नाव कापलं असतं. मंग मले कोनं पुसलं असतं, जेवले का म्हनून?"

यामिनीला गलबलून आलं, आणि सरांचा निबंध आठवून हसूही. पण नियम तो नियम. तिनं फॉर्मवरच्या दोन्ही नावांवर रेघ मारली.

"मंगळवारी शेक झाला की माझ्याकडे यायचंच," ती म्हणाली. "मी विचारीन. फक्त बाटली आणायची नाही."

रूपराव तिला सोडायला दारापर्यंत आले.

"पन मंग रिकाम्या हातानं कसं येऊ?"