पाण्यालाही नऊ गुण

बायकोला आपण मदत करायची, एवढंच मी ठरवलं होतं. (माझ्या आयुष्यातले बहुतेक अपघात इथूनच सुरू होतात.)

आमची ही, म्हणजे जागृती, एकेचाळिसाव्या वर्षी अन्नशास्त्र आणि पोषण या विषयात एम.एस्सी. करते आहे. गावातल्या मुलींच्या अंगात रक्त कमी, म्हणून तिनं सुक्या जवळ्याची पूड घातलेली चकली तयार केली. दोन वर्षं आमच्या घरात चकल्या तळल्या जात होत्या आणि मला एकही मिळत नव्हती, कारण त्या सगळ्या 'सॅम्पल' होत्या. आता शेवटची चाचणी उरली होती. दहा जणांनी एक साधी आणि एक जवळ्याची चकली खायची, कुठली कोणती हे त्यांना सांगायचं नाही, आणि प्रत्येकीला नऊपैकी गुण द्यायचे. पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचा होता. जवळा हरला की दोन वर्षांची मेहनत गेली.

"माणसं तुम्ही गोळा करा," ती म्हणाली, "आणि दुसरं काही करू नका."

मी दुसरं केलं. आदल्या संध्याकाळी मिसळणाच्या डब्याखाली मला तिचा कागद सापडला. '५२७ जवळा, ६३८ साधी.' मी आकडे पाठ केले.

रविवारी सकाळी पडवीत आम्ही दहा जण बसलो. प्रत्येकापुढे आकड्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या दोन चकल्या आणि मध्ये चूळ भरायला पाण्याचा पेला. शेजारची भागुबाई आत्या मासे विकते. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिचा कागद मी भरत होतो.

"५२७ ला किती?"

"नऊ."

"६३८ ला?"

"नऊ."

"आत्या, दोन्ही सारख्याच?"

"पोरीनं खपून केलंय, वायट कसा बोलाचा? पान्याला पन नऊ लिव."

"पाणी चूळ भरायला आहे गं."

"कोनाचे घरचा पानी वायट बोलाचा नाय."

हे पलीकडे बसलेल्या हिरामण नाखव्यानं ऐकलं आणि त्यानंही पाण्याला नऊ दिले. मग बाकीच्यांनी मागे राहणं बरं दिसलं नसतं. सगळ्या कागदांवर नऊच नऊ.

म्हणजे हिला तारणारा मी एकटाच उरलो. मी ६३८ चा तुकडा मोडला. खमंग, खुसखुशीत, आणि शेवटी जिभेवर चक्क जवळा. ५२७ मात्र पिठूळ लागली. क्षणभर घोटाळलो. पण वीस वर्षं मच्छीमार सोसायटीत कारकुनी केलेला माणूस मी. जीभ आणि कागद यांचं भांडण झालं तर कागद खरा. ५२७ ला नऊ दिले, ६३८ ला एक, आणि पुढे 'भिकार' असा शेराही मारला.

दुपारी जागृती गुण मांडायला बसली.

"हा एक कुणी दिलाय?"

"मी," मी ऐटीत म्हणालो. "आणि तुझ्या जवळ्याला नऊ. ५२७."

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "काल डब्याखालचा कागद उलटा पडलेला दिसला. म्हणून सकाळी मी आकड्यांची अदलाबदल केली."

नऊ जणांच्या गुणांत तसूभर फरक नव्हता. जो काय फरक होता तो माझा, आणि तो जवळ्याच्या विरुद्ध.

"अगं, पण मला खरी आवडली ती ६३८च. जवळा लागलासुद्धा होता जिभेला."

"सतरा वर्षं माझ्या प्रत्येक कालवणाला 'छान' म्हणताय," ती म्हणाली. "आता कशावर विश्वास ठेवू?"

तिचे डोळे भरून आले होते. मला भयंकर वाईट वाटलं, आणि ते बोलूनही दाखवता येईना, कारण तेही तिला खरं वाटलं नसतं.

तिच्या मॅडमनी पुन्हा चाचणी घ्यायला लावली. दोन डबे घेऊन ती कॉलेजात गेली आणि दहा परक्या माणसांना बसवलं. जवळा जिंकला. प्रबंध शेवटच्या दिवशी गेला. (गठ्ठा मी उचलला. तेवढ्यापुरता विश्वास होता.)

त्यात पान चौसष्टवर पहिली चाचणी का बाद केली ते लिहिलंय. 'नऊ परीक्षक भिडस्त. परीक्षक क्रमांक दहा: पुरुष, वय सेहेचाळीस, जन्मापासून समुद्रकाठी वास्तव्य. जवळा ओळखता आला नाही.'

आमच्या गावात प्रबंध कुणी वाचत नाही, कुणाला वाचून दाखवत तर नाहीच, असा माझा समज होता. परवा भागुबाईच्या टोपलीतले बांगडे हुंगून मी म्हणालो, "आत्या, शिळे वाटतात."

पाण्याला नऊ देणारी ती बाई. तिनं माझ्या हातातला बांगडा काढून घेतला.

"तू राहूं दे," ती म्हणाली. "जागृतीला धाड."