जो हलला तो नापास

साहेब, साक्षीचा हात तुम्ही मोडलात. नाव घेत नाही, कारण परिपत्रकाखालची सही वाचता येत नाही. पण सही ज्याची, मोडलेला हात त्याच्या खाती.

देशभक्ती लहानपणीच भिनवावी लागते, यात वाद नाही. मोठेपणी माणसाच्या मागे घर, नोकरी, गुडघेदुखी असे व्याप लागतात. सहा वर्षांच्या पोराला काही काम नसतं (शिकणं हे काम आहे, पण ते वर कुणी मोजत नाही). म्हणून यंदा पहिली-दुसरीच्या मुलांची देशभक्ती मोजायचं ठरलं. कशी मोजायची, यावर बऱ्याच बैठका आणि बरेच पोहे झाले. शेवटी एका जाणकाराने सांगितलं की प्रेम मोजता येत नाही, हालचाल येते. झालं, सूत्र सापडलं. राष्ट्रगीताला जो हलत नाही तो देशभक्त.

नियम आले. रोजचा व्हिडिओ ॲपवरून थेट वर जाईल. हात हलला तर दोन गुण वजा, मान हलली तर तीन, शिंक आली तर पाच (पूर्वकल्पना दिल्यास दोन). खाजेबाबत वर्गशिक्षकाने आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा. मुलांच्या मागे देशाचा नकाशा संपूर्ण दिसावा. जे मूल सगळ्यात स्थिर, त्याला पितळी बिल्ला.

कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीत सम्मेद गुरुजी एकटेच शाळा चालवतात. माणूस सांगलीकडचा. त्यांच्या गावची जमीन पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी आहे, त्यामुळे भूकंप त्यांनी बहुतेक पेपरातच वाचलेला. वाडीचं तसं नाही. मांडणीवरची भांडी वाजली की अंगणात पळायचं, हे इथल्या पोराला बाराखडीच्या आधी येतं. घाटातून डंपर गेला तरी सगळ्या माना दाराकडे वळायच्या. पहिल्याच आठवड्यात शाळेची देशभक्ती एकतीस टक्के भरली. शिरवळकडच्या शाळा नव्वदीच्या पुढं होत्या (तिथल्या पोरांना कंपन्यांच्या भोंग्याची सवय आहे). गुरुजींना फोन आला, "तुमच्याकडं देशद्रोही तयार होतायत का हो?"

अडचण आणखी एक होती. नकाशा होता आतल्या खोलीच्या भिंतीवर. त्या खोलीचा स्लॅब सुटलेला, गज उघडे पडलेले, दारावर लाल रंगात 'धोकादायक' लिहिलेलं. दुरुस्तीचा प्रस्ताव कधीच वर गेला होता आणि तिथं अजिबात न हलता पडून होता. (त्या सूत्राने पाहिलं तर जिल्ह्यात त्याच्याएवढं देशभक्त कुणी नव्हतं.)

गुरुजींनी कुलूप काढलं तेव्हा खिचडी शिजवणारी बनाबाई दारात आली. साक्षी तिची नात.

"आवं गुरुजी, ह्या खोलीत आमी शेळी बी बांधत न्हाई."

"मावशी, नकाशा इथंच आहे. एका मिनिटाचं तर काम."

"मग नकाशाच भाईर काढा की."

"भिंतीवर रंगवलाय."

बनाबाईने वर स्लॅबकडे बघितलं. मग म्हणाली, "आमच्या साक्षीला भेटंल का बिल्ला?"

गुरुजींनी पोरांना महिनाभर घडवलं. काही वाजलं, काही पडलं, तरी हलायचं नाही. साक्षी सगळ्यात तरबेज. नाकावर माशी बसली तरी ढिम्म. तिचा बाप प्रशांत फौजेत, सरहद्दीवर. ती सगळ्यांना सांगायची, "माझं पप्पा बी हलत न्हाईत."

एका सकाळी राष्ट्रगीत अर्ध्यावर आलं आणि खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण वाजायला लागलं. पोरं गुरुजींकडे बघत राहिली. वरून माती सांडली तेव्हा गुरुजी ओरडले, "पळा". पोरं पळाली, गुरुजी पळाले. साक्षी तेवढी नकाशापुढं उभी राहिली. स्लॅबचा एक तुकडा तिच्या उजव्या हातावर आला.

ॲपने चोख काम केलं. शाळा चार टक्के, साक्षी शंभर. स्लॅब हलला, त्याचे गुण कापायची सोय ॲपमध्ये नाही.

प्रशांतचा फोन आला. गुरुजींनी आपणच शिकवलं म्हणून सांगून टाकलं. पलीकडून प्रशांत म्हणाला,

"गुरुजी, फौजेत पयल्या दिवशी आडोसा घ्यायला शिकवत्यात. कवर. जो उभा ऱ्हायला त्याला उस्ताद शिव्या घालतो. हलू नका, ही कुठल्या फौजेची ट्रेनिंग वो?"



साक्षीचा मात्र सत्कार झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी हॉल, हार, बिल्ला, मागे मोठा नकाशा. फोटोसाठी सलाम ठोक म्हणाले. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून पोरीने डाव्याने ठोकला. डाव्या हाताचा सलाम वर कसा पाठवायचा, यावर साहेब लोकांची कुजबुज झाली. मग एका हुशार कारकुनाने मोबाईलवर फोटोच उलटा केला. सलाम उजव्या हाताचा झाला, मोडलेला हात डावा झाला. मागचा नकाशाही उलटला. गुजरात पूर्वेला गेला आणि आसाम पश्चिमेला. वाचकहो, तो फोटो तुमच्याकडेही आला होता. तुम्ही खाली तिरंगी झेंडे टाकलेत आणि पुढे पाठवलात.

बनाबाईने बिल्ला पातेल्यांच्या फळीवर ठेवलाय. हादरा आला की सगळ्यांत आधी तो वाजतो. एवढा उपयोग झाला.

गुरुजींना नोटीस आली. राष्ट्रगीत चालू असताना ओरडून मुलांना पळण्यास प्रवृत्त केल्याबद्दल निलंबित का करू नये, लेखी खुलासा करावा. माफी मागितली तर प्रकरण मिटेल, असं फोनवर सांगण्यात आलं. गुरुजींनी खुलासा लिहिला तो असा: "माझी चूक झाली. मी उशिरा ओरडलो, आणि साक्षीला न घेता पळालो. खोलीला कुलूप लावलं आहे. पुढचा हादरा वर्गात बसला तर ओरडायचं की नाही, हे आपल्या सहीने कळवावं."

उत्तर आलेलं नाही. साहेब देणारही नाहीत, सही वाचता येईल अशी करावी लागेल. मग तुम्ही द्या, फोटो पुढे पाठवणाऱ्यांनी. खोलीत तुमचं पोर असतं तर गुरुजींनी ओरडायचं होतं की नव्हतं? झेंडे नकोत. हो की नाही, तेवढं लिहा.