कृपया जिन्याचा वापर करा

छातीठोकपणे सांगते, लिफ्टबद्दल माणसं जितक्या तऱ्हांनी कुरकुरतात तेवढ्या सगळ्या माझ्या प्रोग्रामला पाठ आहेत. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मी तक्रारी बघते. कोडिंग शिकले लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

आधीचा प्रोग्राम तक्रारींच्या यादीतला एकेक शब्दसमूह घ्यायचा आणि दर वेळी अख्खा मेसेज नव्याने चाळायचा. किल्ली शोधायला घर पालथं घातलं, मग चष्म्यासाठी पुन्हा घातलं, तसलं काम. मग मी सगळे शब्दसमूह झाडासारखे रचले. ‘लिफ्ट’ हे खोड, त्याला ‘बंद’ची फांदी, तिला ‘पडली’ची डहाळी. एका फेरीत मेसेज वाचून होतो आणि उत्तरही आपोआप जातं.

त्या दिवशी साहेब मागे उभे राहून बघत होते. मेसेज आला, ‘लिफ्ट बंद पडली मी आत अडकले’. पापणी लवायच्या आत उत्तर गेलं, ‘क्षमस्व. कृपया जिन्याचा वापर करा. पायांनाही बरं.’

“वेग बघा, साहेब.”

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

“अगं, तुमच्या ऑफिसात कोण हा शहाणा? मी लिफ्टमध्ये कोंडलेय आणि हा मला जिना चढ म्हणतो.”

“आई, घाबरू नका. श्वास घ्या.”

“घेतेच आहे. त्याला परत कळवलं, तर परत तेच. वर म्हणे पायांनाही बरं. माझ्या गुडघ्यांची विचारपूस केलीय का त्याने?”

चूक लगेच दिसली. ‘लिफ्ट बंद पडली’ एवढंही यादीत होतं. ते सापडलं की माझा प्रोग्राम समाधानाने तिथेच बसकण मारायचा. पुढची, ‘मी आत अडकले’ची डहाळी तो बघतच नव्हता.

“आई, दोनच ओळी बदलते.” घाईघाईत कोड टाइप केला. एक कंस सुटला, आणि प्रोग्राम पिसाळला.

“अगं, आता तर थांबेचना हा. जिना, जिना, जिना! इथे मला अंधारी येतेय.”

“बाई,” साहेब म्हणाले, “ते राहू द्या. मिस्त्रीला पाठवा.”

“पण साहेब, मेसेजमधून पत्ता ओळखायचा भाग अजून लिहिला नाहीये.”

“पत्ता तुमच्याच घराचा ना?”

मिस्त्रीने सासूबाईंना बाहेर काढलं. संध्याकाळी घरी गेले तर गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या.

“त्या जिनेवाल्याला कामावरून काढलं का?”

“काढायचं का, आई?”

“नको गं, त्यालाही घरदार असेल. एवढंच शिकव, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकावं, मग तोंड उघडावं.”

मी नेमक्या त्याच दोन ओळी लिहून आले होते.

“आणि त्याला असं अर्धवट ऐकायला शिकवलं कोणी?”

“चौकशी चालू आहे,” मी म्हटलं आणि तेलाची वाटी हातात घेतली.