टकलावरचं टक्कल

बंड ही अत्यंत शिस्तीने करायची गोष्ट आहे. मनाला येईल तसं वागणाऱ्याला बंडखोर म्हणत नाहीत, घरचे लोक त्याला डॉक्टरकडे नेतात. हा फरक ज्या मोजक्या माणसांना कळला, त्यांत आमच्या दिग्दर्शकाचा नंबर फार वरचा. त्याच्या हाताखाली समन्वयक म्हणून राबायला मिळतं, हे मी माझं भाग्य समजतो (पगाराचं काय ते पुढे बघू).

आमच्याकडे जुन्या ढंगाच्या रॉक अँड रोल गाण्याच्या व्हिडिओचं काम आलं. गाणं कोंबड्याचं. कोंबडा म्हणजे गायक. ऐन तारुण्यात त्याच्या कपाळावर केसांचा भलामोठा कोंबडा असे. पुढे केस गेले, नाव राहिलं. दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात लोकांना खालची ओळ वाचायला लावतो आणि संध्याकाळी गिटार काढतो. हे गाणं त्याने लग्नाआधी वहिनींसाठी रचलं होतं.

वहिनींनी अट घातली ती एकच. "बाकी काय धिंगाणा घालायचा तो घाला. पण यांचं तोंड नीट दिसू दे. जन्मभर ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभे राहिलेत. एका फोटोत धड दिसत नाहीत, कुणाचा तरी खांदा मध्ये असतोच."

"काकू, आपला अख्खा व्हिडिओच काकांच्या तोंडावर आहे," दिग्दर्शक म्हणाला. त्याला मोठ्यांशी आदराने बोलायची सवय आहे.

या प्रकारच्या व्हिडिओचे मान्यताप्राप्त संकेत असे: काळंपांढरं चित्र; जुन्या टेलिव्हिजनसारखी गोल कोपऱ्यांची चौकट; कातडी जाकीट (ते वहिनींनी कमरेत उसवून मोठं करून आणलं होतं); घोळदार फ्रॉकातली मुलगी; गायकाच्या कपाळावर कोंबडा; आणि दार ठोठावून "बंद करा हा धांगडधिंगा!" असं ओरडणारा एक खडूस शेजारी. यांतला एक संकेत मोडायचा. एकही मोडला नाही तर ती नक्कल होते, दोन मोडले तर लोकांना वाटतं आपल्यालाच काही येत नाही. आमच्या पाहणीनुसार शंभर टक्के प्रेक्षकांना एकच मोडलेला आवडतो (पाहणी मी चहाच्या टपरीवर केली, प्रेक्षक दोघे होते, त्यांतला एक मी).

दिग्दर्शकाने कोंबडा मोडायचं ठरवलं. टकला रॉक स्टार! आम्ही टाळ्या वाजवल्या. पण आधी कोंबडा दिसल्याशिवाय तो मोडला हे लोकांना कळणार कसं? म्हणून कोंबड्याला विग घातला. शेवटच्या कडव्याला त्याने तो उपटून फेकायचा, असं ठरलं. त्याने फेकला. खालचं टक्कल दिव्याखाली असं चमकलं की चित्रात नुसता पांढरा गोळा उरला. मेकअपवाल्या ताईंनी मग त्याला रबराचं टक्कल चढवलं, कारण ते चमकत नाही. आता थर असे झाले: डोकं, त्यावर टक्कल, त्यावर केस. विग उपटला की टक्कलही निम्मं सोबत येई.

दिग्दर्शक पडद्याकडे बघत राहिला. "काका, टक्कल ओढूनताणून आणल्यासारखं वाटतंय हो."

"अहो, माझं स्वतःचं आहे ते!"

"असेल. पण पटत नाही ना."

मग एका देखण्या, दाट केसांच्या तरुण मॉडेलला बोलावलं. ते रबरी टक्कल त्याला इतकं शोभलं की काय सांगू. तरुण टकला म्हणजे बंड. वयस्कर टकला म्हणजे नुसतं वय. जाकीट त्याला ढगळ झालं, तेव्हा मागून पिना लावून वहिनींची मेहनत पुन्हा आत घेतली. आवाज मात्र कोंबड्याचाच ठेवला, कारण आवाजाला टक्कल नसतं.

वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. त्यांना फार वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण ते माझ्या कामात मोडत नव्हतं.

"आणि यांचं तोंड?" त्यांनी विचारलं.

"काका शेजारी होतील ना! दारातून डोकावायचंय, तोंड दिसणारच."

आपल्याच गाण्यावर कोंबडा ओरडला, "बंद करा हा धांगडधिंगा!" पहिल्यांदा हसू फुटलं, मग आवाज फाटला, आणि शेवटी तो खरोखरच ओरडला. सगळे म्हणाले, वा! पण पायाला कुणी सूचना दिली नव्हती. तोंड शिव्या घालत असताना खाली तो बिनचूक ठेका धरत होता.

व्हिडिओ झळकला. दार चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात येत होतं आणि कोपरे गोल होते, त्यामुळे शेजाऱ्याचं खांद्यावरचं सगळं कापलं गेलं. पाय राहिला. लोकांनी तो पाय डोक्यावर घेतला. 'खरा रॉक अँड रोल त्या पायात आहे,' असं अनेकांनी लिहिलं आणि मॉडेलचं अभिनंदन केलं. वहिनींनी फोनवर तो पाय थांबवून बराच वेळ पाहिला.

"आधी सांगितलं असतंत," त्या मला म्हणाल्या, "तर नवे बूट तरी घातले असते त्यांनी."

आता तुम्हाला हळहळ वाटत असेल, दिग्दर्शकाचा रागही आला असेल. बरोबर आहे, तुम्ही संवेदनशील वाचक आहात. कोंबड्याचं टक्कल तुम्ही नीट पाहिलंत, पायसुद्धा पाहिलात. मग जरा सांगा, त्याचं तोंड कसं होतं? नाक राहू द्या, डोळे राहू द्या. चष्मा होता का, एवढं तरी?