दौलतचा एक शब्द

आमचा शेजारी दौलत भर दुपारी धानाच्या बांधीत बुजगावण्याला खेटून उभा राहतो आणि म्हणतो, "त्रांकिला." बुजगावण्याला त्याच्या मेलेल्या बायकोचं लुगडं आहे. वारा पडलेला असतो, तरी पदर हलतो. मी तिसरीच शिकलो, पण डोळे शाबूत आहेत.

मोहाची फुलं वेचताना अस्वलानं दौलतचा अर्धा चेहरा ओरबाडून नेला. आम्हाला सवय झाली. नवं माणूस दचकतं.

गावानं ठरवलं, 'त्रांकिला' हा मंत्र आहे. साकोलीच्या बाजारातला मारका गोऱ्हा त्यानं याच शब्दावर बसवला होता. मग करडी गावची एक बाई रडकं लेकरू घेऊन त्याच्या दारात आली. दौलत भडकला.

"आमच्या घरी मंत्र-फंत्र नाही, बाई. दवाखान्यात ने त्याले."

त्यानंतर रोज दिवस मावळताना त्याच्या बंद घरातून बाईचा आवाज येऊ लागला. "त्रांकिला." मागून दौलत. पुन्हा ती. माझी बायको म्हणाली, तिकडं जाऊ नका. नको म्हटलं की मी जातोच.

दार ढकललं, तर आत दौलत एकटा. आवाज मांडीवरच्या मोबाइलातून येत होता.

"काय करून राहिला बे?"

"स्पॅनिश शिकून राहिलो, बापू. पोरगी स्पेनमधे, नातीले मराठी येत नाही."

"त्रांकिला म्हणजे?"

"शांत. कोणी भेलं का त्याले असं म्हणतेत."

"अन् एवढ्या भाषेतला एकच शब्द?"

"मले तेवढाच लागते." त्यानं गालावरून हात फिरवला. "फोनवर मले पाहिलं का नात किंचाळते. पोरगी म्हणते, असंच राहिलं तर कापणीले तिले आणत नाही."

"मंग बुजगावण्याले कायले सांगतं?"

"त्याले नाही, पाखरांले सांगतो. मी अन् बुजगावणं, आमी दोघंही भेवाडणारे. एखादं पाखरू थांबलं, तर नात बी थांबन."

तेवढ्यात फोन वाजला. मी त्याच्या खांद्यावरून वाकलो. पडद्यावर नात आली. तोंड उघडलं, ओठ थरथरले. दौलतनं अगदी हळू म्हटलं, "त्रांकिला."

पोर किंचाळली नाही. टक लावून बघत राहिली. मग पुन्हा तिचे ओठ वाकडे झाले.

"बापू," पडद्यावरची नजर न काढता दौलत म्हणाला, "जरा मागं सर. तुले पाहून भेऊन राहिली."

मी कोणाच्या सांगण्यावरून सरत नाही. त्या दिवशी सरलो, पार अंगणापर्यंत.