दिगू मांडवकरची उरलेली ओव्हर

मेलेल्या भावाची उरलेली ओव्हर घरात किती दिवस टिकते, हे केशाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आडवणात ओव्हर मागे राहणं नवीन नव्हतं. बॉलर गेला की त्याची एक ओव्हर घरी उरते. घरच्या माणसानं मैदानात उभं राहून हाक मारली की तो येतो, सहा चेंडू टाकतो आणि जातो. दर चेंडूला वेगळी हाक लागते. सहावा चेंडू पडला की मग कितीही घसा फोडा, कोणी येत नाही. हे सगळं गावाला ठाऊक होतं. हाक मारलीच नाही तर काय, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

दिगू मांडवकर घाटाच्या वळणावर मोटरसायकल घसरून गेला, आणि त्याची ओव्हर पडवीत राहिली. दिवेलागणीला तिथं धावत्या पावलांचा आवाज यायचा. उंबऱ्यापाशी यायचा आणि थांबायचा. आई तिथं पाण्याचा तांब्या ठेवायची. केशा तिथंच अंथरूण टाकून झोपायला लागला. सहावीत शाळा सोडून तो दिगूच्या मागं चिरेखाणीवर गेला होता, आणि दिगूच्याच मागं क्रिकेटच्या टीममध्ये. दिगू बॉलिंग टाकायचा, केशा मिड-ऑफला उभा राहून चेंडू पुसून त्याच्या हातात द्यायचा. एवढंच त्याचं काम, आणि ते त्याला पुरत होतं.

त्यानं विचारून पाहिलं. तेराव्याला आलेल्या भटजींनी शास्त्रात ओव्हरचा उल्लेख नसल्याचं सांगितलं. टुर्नामेंट कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मयत खेळाडू हंगाम संपेपर्यंत टीममध्ये धरला जातो. घरात किती टिकतो, तो विषय आमच्याकडं येत नाही. तुम्ही ग्रामपंचायतीत विचारा." ग्रामपंचायतीत शिपाई होता. तो म्हणाला, साहेब मीटिंगला गेलेत.

अशात सेमीफायनल आली. समोर तेरेवाडी. हरलं की घरी. आडवणची टीम आजवर फायनलला कधी पोचलेली नव्हती, म्हणून आदल्या संध्याकाळी निम्मा गाव देवळासमोरच्या पारावर जमला. प्रश्न एकच होता, पहिली ओव्हर कोणाची.

"दिगूची," तात्या घवाळी म्हणाले. तात्या एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यापासून आडवणची एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती. "तेरेवाडीचा बंड्या पहिल्या ओव्हरीत मारून घेतो. मेलेल्या माणसाला मारताना हात जरा आखडतो. माझा अनुभव आहे."

"तुमचा कसला अनुभव, तात्या? तुम्ही कधी बॅट धरलीत?" न्हावी सुरेश म्हणाला. "दिगूला शेवटाला ठेवा. शेवटी बारा रन हवे असतील, तेव्हा कोण टाकणार? तुमची एसटी?"

"शेवटाला ठेवून एका गावानं घालवलीन ओव्हर. मॅच आधीच संपली. बॉलर येऊन उभा, टाकायचं कोणाला?"

"मग काय केलं त्याचं?"

"कायद्यानं तशीच परत घरी. पण हाक मारणाऱ्या पोराच्या मनातनं उतरली. शेवटी कुणाच्या तरी लग्नात, हळदीच्या मॅचीत टाकून टाकलीन."

लोक हळहळले. हळदीच्या मॅचीत ओव्हर घालवणं म्हणजे फारच झालं.

जुबेर पारकर पाराच्या कडेला बसला होता. दिगूनंतर गावात डावखुरा जुबेरच. दोघं लहानपणापासून एकाच खळ्यात खेळलेले. तो म्हणाला, "पहिली मी टाकतो. खाडीकडनं वारा असतो, माझा चेंडू आत येतो. दिगूला राहू दे घरात."

"तुला वीस रन पडतील त्याचं काय?" तात्या म्हणाले.

"पडले तर पडले."

"पडले तर पडले म्हणे. गावात काय लग्न आहे, अक्षतांसारखे पडू द्यायला?"

मग सगळे केशाकडं वळले, कारण हाक त्याचीच होती. केशानं हातातला चहाचा ग्लास पाराच्या दगडावर आपटला. काच फुटली. "दादाची ओव्हर कुणाला मिळणार नाय," तो म्हणाला. "पहिली नाय, शेवटची नाय. परत कोणी इचारलं तर मीच खेळायला येणार नाय." आणि तो चपला न घालताच घरी गेला. सुरेशनं काचा गोळा केल्या. कॅप्टन रमाकांतनं जुबेरचं नाव नक्की केलं. तात्या म्हणाले, संपलं, हरलो आपण.

कापणी झालेल्या मळ्यात सकाळी मॅच सुरू झाली. आडवणनं आठ ओव्हरीत एकसष्ट रन केले. बरे होते, पण तेरेवाडीला रोखायला पुरण्यासारखे नव्हते. जुबेरनं चेंडू हातात घेतला, फिल्डिंग लावली. बंड्या बॅट आपटत क्रीजवर आला आणि मिड-ऑफकडं बघून हसला.

"काय रे केशा, भाऊस कुठाय? मेल्यावर पण आडवणकडनं खेळायला तयार नाय वाटतं."

केशानं विचार केला नाही. विचार करायची त्याला सवयच नव्हती. त्याच्या तोंडून हाक गेली, "दादा." गेल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला, पण हाक परत घेता येत नाही.

दिगू बांधावरून उतरून आला. निळी ट्रॅक पँट, कोपरावर खरचटलेलं. अंपायरनं जुबेरची ओव्हर सुरू झालेली नसल्याची खात्री करून घेतली आणि बदल मंजूर केला. जुबेरनं चेंडू पुढं केला.

"बरा आहेस?" त्यानं विचारलं.

"बरा," दिगू म्हणाला.

पहिला चेंडू बंड्याला दिसलाच नाही. दुसऱ्यावर त्याचा मधला स्टंप उडाला. मळ्यातून एकच ओरड उठली. तात्यांनी सुरेशचा हात धरला, सुरेशनं धरू दिला. तिसरा निर्धाव, चौथा निर्धाव. प्रत्येक वेळी केशा चेंडू पुसत होता, देत होता, मिड-ऑफला जाऊन हाक मारत होता. न मारावी तर ओव्हर अर्धी सोडल्याबद्दल टीम बाद, असा नियम होता. पाचव्यावर एक रन गेला.

"एक राहिला," अंपायर म्हणाला.

केशानं चेंडू पँटवर पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिला. मग दिगूच्या हातात देताना हळूच म्हणाला, "वाईड टाक."

दिगूनं त्याच्याकडं पाहिलं. हाक आल्यावर तो धावला आणि चेंडू स्टंपांपासून लांब टाकला. अंपायरनं दोन्ही हात पसरले. एक रन, आणि अजून एक चेंडू शिल्लक.

"परत," केशा म्हणाला. "पंपाची चावी कुठं ठेवलीस? सापडत नाय."

"फळीवर. खताच्या पिशवीमागं."

वाईड.

"आईला काय सांगू?"

"जेव म्हणावं."

वाईड. मग आणखी वाईड. रमाकांत धावत अंपायरकडं गेला. अंपायर म्हणाला, मयत बॉलर हाक मारणाऱ्याचं ऐकतो, आणि वाईडला मर्यादा नाही. नियम सगळ्यांना सारखाच आहे. स्कोअर लिहिणाऱ्यानं पेन्सिल बदलली. तेरेवाडीचे दोघे बॅटवर टेकून उभे राहिले. बांधावर तात्या मांडीवर हात आपटत होते. मग तेही थांबले. रन वाढत गेले. सगळ्यांना दिसत होतं काय चाललंय ते, आणि केशाला शिवी द्यायला कोणाचीच जीभ उचलत नव्हती. जुबेर पॉइंटला पाठ करून उभा होता.

"दादा, त्या दिवशी मला का नाय उठवलंस? मी गाडीवर मागं बसलो असतो."

"झोपला होतास," दिगू म्हणाला.

हाकेला आता केशाचा घसा बसला होता. तरी चेंडू पडला, लांब, आणि विकेटकीपर पळत जाऊन घेऊन आला. केशा पुन्हा चेंडू पुसायला लागला, तेव्हा दिगूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, टेकलेला होता. दिवसभर खाणीत चिरे काढून आल्यावर दिगू असाच टेकायचा.

"दमलो रे केशा."

केशानं खाली पाहिलं. दिगूचे पाय थरथरत होते. पडवीत रोज संध्याकाळी उंबऱ्यापर्यंत धावून थांबणारे तेच पाय. तिथं ते किती दमत असतील, हे त्याच्या आजवर मनात आलं नव्हतं.

"अजून एकच," केशा म्हणाला. "सरळ."

"बरं."

मग त्यानं स्वतः फिल्डिंग लावली. आजवर हे काम त्यानं कधी केलं नव्हतं. रमाकांतला लाँग-ऑनला पाठवलं. स्क्वेअर लेगवाल्याला मागं सरकवलं. जुबेरला पॉइंटवरून उचलून दिगूच्या जवळ, मिड-ऑनला आणलं. जुबेर धावत आला. तेरेवाडीचा बॅट्समन क्रीजवर परत सावध झाला. बांधावरचे लोक उभे राहिले.

केशानं चेंडूची माती नखानं काढली. दिगूच्या हातात चेंडू ठेवून त्याची बोटं शिवणीवर नीट बसवून दिली. त्याला रनअपच्या खुणेपर्यंत हाताला धरून सोडलं. मग तो मिड-ऑफला गेला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, आणि बसलेल्या घशानं, पण मळ्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी, हाक मारली.